बाईचा खांदा

माझा उजवा खांदा म्हशीने नेला. गावात नंतर याच्या पुष्कळ आवृत्त्या निघाल्या. कुणी म्हणे मी तलावाच्या पाळीवरून घसरले, कुणी म्हणे शाळेच्या पायरीवरून. शेजारच्या गल्लीतल्या एका म्हातारीने तर मला शेवटपर्यंत सायकलवरूनच पाडलं. सायकल मला येत नव्हती, हे तिला दोनदा सांगूनही तिने आपलं मत बदललं नाही.

माझं माहेर साकोलीचं. हायवेवर वडिलांचं कापडाचं दुकान होतं, पुढे ते भावाने चालवलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी आसगावात आले. घर धानाच्या शेतकऱ्यांचं, तलावाखालची जमीन, सासरे वारलेले, सासू खमकी. मी ट्रेनिंग करून आलेली होते, त्यामुळे काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लागले. गाव मला 'बाई' म्हणू लागलं. ते इतकं रुळलं की सासूही 'बाई' म्हणायची आणि नवराही. आमच्या घरात मी एकटीच अशी होते जिला तीन पिढ्या एकाच नावाने हाक मारत. माझा मुलगासुद्धा शाळेत माझ्याच वर्गात असल्यामुळे पहिलीपासून 'बाई' म्हणायला लागला आणि घरी आल्यावर बदलायला विसरला. खांद्याचं झालं तेव्हा तो पवनीला मावशीकडे राहून हायस्कूलला जात होता.

तो रविवार होता, हिवाळ्यातला. गुराखी आजारी होता म्हणून म्हशीला बोडीवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. बोडी म्हणजे शेताच्या डोक्याशी असलेलं लहान तळं. आमच्याकडे प्रत्येकाची एखादी असते. सासूने दारातून सांगितलं, "बाई, दावं हाताले गुंडाळून घे. तुया हातून सुटते ते." मी दावं मनगटाला गुंडाळलं. इथपर्यंत सगळं सासूच्या सूचनेप्रमाणे झालं, आणि पुढचंही त्यामुळेच झालं, पण हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. ती स्वतःच एकदा म्हणाली, "मी गुंडाळ म्हणलं होतं, इतकं गुंडाळ नव्हतं म्हणलं."

रस्त्यावर भोंगा लावलेली जीप आली. मंडईनिमित्त, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेनिमित्त, शेजारच्या गावात नाटक होतं, त्याची जाहिरात चालली होती. नाटक विनोदी होतं. जीप आमच्या बरोबरीला आली आणि भोंग्यातला माणूस जोरात हसला. म्हैस बोडीकडे पळाली. मी तिच्या मागोमाग, आधी पायांवर आणि नंतर पायांवर नाही. खांद्यात काहीतरी झालं. आवाज आला की मला तो नुसता जाणवला, हे आजही सांगता येत नाही. जुनं लुगडं फाडताना पहिल्यांदा जसं अडतं आणि मग एकदम जातं, तसं ते होतं. मी पाळीवर पालथी पडले होते आणि म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

हात तुटलेला नव्हता. कोपरात वाकायचा, बोटं चालायची, भाताचा घास तोंडापर्यंत जायचा. फक्त खांद्यातून तो बाजूला वर जायचा नाही. डाव्या हाताने धरून वर नेला तर जायचा. डावा हात काढून घेतला की उजवा खाली यायचा, कुणी मधूनच विषय सोडून द्यावा तसा. आणि रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही.

पहिला उपचार हाडवैद्याचा झाला. तो नदीपलीकडून आला, त्याने खांदा चाचपला आणि म्हणाला, "उतरला हाये." मग माझ्या काखेत आपली टाच देऊन त्याने हात ओढला. खांदा उतरलेला नव्हता, पण त्याने तो बसवला. त्यानंतर हळद-तुरटीचा लेप झाला, विटेचा शेक झाला. शेवटी नवरा मला भंडाऱ्याला घेऊन गेला. तिथे खांद्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला, नवऱ्यालाही दाखवला. हाड शाबूत होतं. "मुका मार आहे, हळूहळू जाईल," असं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या.

घरी आल्यावर सासूने विचारलं, "फोटोत काय निघालं?"

"काई नाई निघालं," नवरा म्हणाला.

"मंग झालं त."

त्या दिवसापासून घरात आणि गावात माझ्या खांद्याचा निकाल लागला. फोटोत काही नाही म्हणजे खांद्यात काही नाही, आणि खांद्यात काही नाही तर मग जे काय आहे ते माझ्यात आहे. कुणी तोंडावर बोलत नसे. पाणी भरताना बायका म्हणत, "राहू दे बाई, तुमचा हात दुखते ना," आणि 'दुखते ना' अशा सुरात म्हणत की ते ऐकून मी पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, उचलावा. मी डाव्या हाताने उचलायची.

शाळेत फळ्याची अडचण झाली. मला फळ्याच्या खालच्या पट्टीतच लिहिता येई. वरचा मोठा काळा भाग रिकामा आणि खाली मुंग्यांसारखी अक्षरं. मधल्या रांगेतली मुलं उभी राहू लागली. ती उभी राहिली म्हणून त्यांच्या मागची बाकावर चढू लागली. मुख्याध्यापकांनी दोन दिवस हे पाहिलं आणि सुताराला बोलावून फळा खाली घेतला. माझ्या कंबरेपासून छातीपर्यंत. पुढे विस्तार अधिकारी तपासणीला आले तेव्हा त्यांनी तो पाहून विचारलं, "हा फळा असा काहून?" मुख्याध्यापक म्हणाले, "लहान मुलांच्या उंचीला धरून लावलाय." अधिकाऱ्यांना कल्पना आवडली. जाताना ते म्हणाले की बाकीच्या शाळांनाही सांगू. सांगितलं की नाही ते मला माहीत नाही.

फळ्याची सोय झाली, केसांची होईना. हे कुणाला सांगायचीही चोरी होती. बाईमाणसाला दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात, रोज, याचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. एका हाताने अंबाडा बांधता येत नाही. मी प्रयत्न केला. सासूची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, तिला स्वतःचीच वेणी जेमतेम जमे. मुलगी नव्हती. शेजारीण आठवडाभर आली. तिने माझी वेणी इतकी घट्ट घातली की माझ्या भुवया वर गेल्या, आणि वेणी घालता घालता तिने आमच्या घरातलं सगळं विचारून घेतलं.

एका सकाळी ती यायच्या आधी नवरा ओसरीवरून उठून आत आला आणि म्हणाला, "बस."

"काहून?"

"बस ना बाप्पा. शाळेले उशीर होऊन राहिला."

त्याने तेल घेतलं, फणी घेतली. हा माणूस दिवसभरात मोजके शब्द बोलायचा आणि त्यातले बरेच बैलांशी. त्याने माझे केस तीन भागांत विभागले, प्रत्येक भाग हातात तोलून बघितला, आणि अंबाडीचा दोर वळतात तसा पीळ देऊन वळला. बैलाच्या कासऱ्यासारखी वेणी झाली. संध्याकाळी सोडताना त्यालाच तास लागला असता, पण मी सोडली नाही, तीन दिवस तशीच ठेवली. पुढे तो शिकला. पीळ न देता गुंफायचं, कानामागे सैल ठेवायचं, पिना दातात धरायच्या. अंबाडा मात्र त्याला शेवटपर्यंत मधोमध जमला नाही. माझा अंबाडा त्या वर्षी डाव्या कानाकडे असे.

सासूला हे पाहवत नव्हतं. तो फणी हातात घेई तेव्हा ती उठून गोठ्यात जाई. गोठ्यात त्या वेळी काही काम नसे. एकदा तिने दारातूनच त्याला ऐकवलं, "बायकोची वेणी घालून राहिला. तुया बापाने माया डोक्याले कधी हात नाई लावला."

नवऱ्याच्या दातात पिना होत्या. त्या काढून तो म्हणाला, "त तुया हात चालत होता, माय."

सासू गोठ्यात गेली.

असं वर्ष गेलं. दुखणं कमी झालं, हात मात्र वर गेला नाही. मीही मनात मान्य करून टाकलं होतं की राहिलेला जन्म डाव्या कानाकडच्या अंबाड्याने काढायचा. मग दिवाळीला साकोलीला गेले तेव्हा भावाने एक बातमी सांगितली. त्याच्या दुकानात नागझिऱ्याकडचा एक वनरक्षक कापड घ्यायला यायचा. त्याचा गुडघा जंगलात खड्ड्यात पाय जाऊन बिघडला होता. नागपूरला एक तरुण डॉक्टर बाहेरदेशी शिकून आला होता, त्याने गुडघ्याला दोन छिद्रं पाडली, दुर्बीण घालून आतलं काम केलं, आणि वनरक्षक आठवडाभरात चालत घरी आला. भाऊ म्हणाला, "गुडघ्यात जाते त खांद्यात नाई का जाणार?"

सासूने विरोध केला. तिचं म्हणणं सरळ होतं, फोटोत नाही ते दुर्बिणीत कुठून येणार. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पवनी-नागपूर बसने मला घेऊन गेला. बसमध्ये तो एकदाच बोलला. उमरेड आलं तेव्हा म्हणाला, "उमरेड."

डॉक्टर खरंच तरुण होता. मी मनात त्याला सातवी-आठवीच्या वर्गात बसवून पाहिलं, बसला असता. त्याने माझा भंडाऱ्याचा फोटो बघितला आणि बाजूला ठेवला. मग माझा उजवा हात स्वतः धरून बाजूला वर नेला, खांद्याच्या रेषेत, आणि म्हणाला, "आता मी सोडतो. तुम्ही इथेच धरून ठेवा." त्याने सोडला. हात खाली पडला. त्याने पुन्हा नेला, पुन्हा सोडला. पुन्हा पडला. डॉक्टरचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षभरात माझ्या खांद्यामुळे खूश झालेला तो पहिला माणूस.

"हाड चांगलं आहे, म्हणून फोटोत काही आलं नाही," तो म्हणाला. "फोटोत हाडच दिसतं. हात उचलायला जो स्नायू मदत करतो, त्याचं टोक दोरासारखं असतं, ते हाडाला चिकटलेलं असतं. ते तिथून निघालंय."

नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "दोर तुटला का खुंट्यावरून सुटला?"

"सुटला. थोडा फाटलाही असेल."

"मंग तो परत बांधता येते?"

"येतो. फार उशीर झाला की तो आत आखडत जातो, मग पोचत नाही. तुमचा अजून पोचेल असं वाटतं." आणि मग त्याने काय करणार ते सांगितलं. मागून एक छिद्र, त्यातून दुर्बीण. बाजूने दुसरं, त्यातून हत्यार. आत बघायचं, हाडाची वरची कड घासून जागा करायची, म्हणजे दोर पुन्हा घासणार नाही. मग बाजूला दोन बोटांची चीर देऊन, स्नायू न कापता फक्त बाजूला सारून, दोर हाडाला टाक्यांनी बांधायचा. पूर्वी यासाठी अख्खा खांदा उघडत, तो म्हणाला.

मी शिक्षिका, म्हणून विचारलं, "तुम्ही असे किती केलेत?"

"गुडघे पुष्कळ केले."

"खांदे?"

"खांदे थोडे."

"थोडे म्हणजे?"

"तुमचा धरून मोजले तर आकडा बरा वाटेल इतके."

त्याने खोटं सांगितलं असतं तर मी कदाचित परत आले असते. मी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होता, खांद्याच्याच जागी. म्हणाला, "करून घेऊ."

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, कारण मी तिथे नव्हते असंच म्हणायला हवं. तोंडावर काहीतरी धरलं, डॉक्टर कुणाशी तरी नागपूरच्या थंडीबद्दल बोलत होता, आणि मग उलटी आली आणि दुपार होती. उजवा हात पोटाशी झोळीत बांधलेला होता. नवरा पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता आणि त्याचा चेहरा मी लग्नापासून कधी पाहिला नव्हता असा होता.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"मी तुया खांदा पाह्यला," तो म्हणाला. "आतून."

डॉक्टरची दुर्बीण एका टीव्हीला जोडलेली होती आणि त्याने सगळं कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. नंतर त्याने ते नवऱ्याला बाहेरच्या खोलीत लावून दाखवलं. गावात तेव्हा एकाच घरी टीव्ही होता आणि नवरा तो बघायला कधी जात नसे. त्याने आयुष्यात पहिल्यांदा नीट बसून टीव्ही पाहिला तो हा.

"आतमधी पाणी हाये," तो म्हणाला. "डॉक्टर सोडते म्हणे, दिसाव म्हून. बोडीसारखं. वरून उजेड येते आन सगळं पांढरं पांढरं दिसते. आन तुया दोर, त्याचे धागे सुटले होते, ते पाण्यात हालून राहिले होते. शेवाळ हालते ना, तसे." त्याने माझ्या झोळीची गाठ सरळ केली. "साजरं दिसत होतं, बाई."

त्याला इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझं डोकं गरगरत होतं, तोंडाला कडू चव होती. तरी ते वाक्य मला चांगलं आठवतं, कारण त्याने माझ्या कुठल्याही भागाला साजरं म्हटल्याचं त्याआधी आठवत नाही.

डॉक्टरने सोडताना बजावलं. दीड महिना हात झोळीतच. स्वतःच्या जोराने उचलायचा नाही, दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या माणसाने हलवायचा. त्यानंतर व्यायाम. आणि जड काही उचलणं निदान सहा महिने नाही. "बाहेरून लहान दिसतंय," तो म्हणाला, "पण आतलं बांधकाम मोठ्या ऑपरेशनइतकंच आहे. ते सांधलं जायला तेवढाच वेळ लागणार."

बाहेरून लहान दिसतंय, याचा अर्थ मला गावात गेल्यावर कळला.

आम्ही बसमधून उतरलो तेव्हा ओसरीवर बायका जमलेल्याच होत्या. नागपूरला ऑपरेशन करून आलेली माणसं आमच्या गावात तशी फार नव्हती. पट्टी बदलायची वेळ आली तेव्हा सासूने सगळ्यांच्या वतीने माझ्या ब्लाऊजची बाही खाली केली. मागच्या बाजूला एक टिंब. बाजूला दुसरं. आणि दंडाच्या वर एक लहान रेघ, त्यावर दोन-चार टाके.

बायकांनी खांदा दोन्ही बाजूंनी फिरून पाहिला.

"बस?" सासू म्हणाली.

"इतकंच?" शेजारीण पुढे वाकली. "आन ते दुसरं कुठी हाये?"

"दुसरं नाई. एवढंच असते," मी म्हणाले.

"माय वो." तिने आपलं लुगडं सारून पोटावरची अपेंडिक्सची खूण दाखवली. ती खरंच मोठी होती. "हे भंडाऱ्याचं हाये. इतकं कापलं होतं. आन तुमचं नागपूरचं इतकंसं?"

मी छिद्रांबद्दल सांगितलं, दुर्बिणीबद्दल सांगितलं. त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं. इतक्या छिद्रातून काय जाणार, आणि आत अंधार असतो, तर दिसणार काय? एका बाईने हळू आवाजात शंका काढली की डॉक्टरने बेशुद्ध करून सुईने नुसत्या टिकल्या उमटवल्या असतील. बायका निराश होऊन गेल्या. त्यांचं मला वाईट वाटलं नाही, पण वाटायला हवं होतं असं काहीसं वातावरण होतं.

आणि मग धान निघायचे दिवस आले. कापणी, भारे, खळं. घरात प्रत्येक हात लागत होता, आणि माझा एक हात झोळीत होता, ज्याच्या खाली फक्त दोन टिंबं आणि एक रेघ आहे हे साऱ्या गावाला माहीत होतं. सासू प्रत्यक्ष काही म्हणेना. पण सूप माझ्याजवळ आणून ठेवी. पाटी माझ्या उजव्या बाजूला ठेवी. एकदा म्हणाली, "मुंगी चावली तरी याच्याहून मोठं उमटते." मजूर बाया हसल्या. मी झोळीतून हात काढला आणि सूप धरलं. खांद्यात कळ आली तेव्हा नवरा खळ्याच्या पलीकडे होता. त्याने ते पाहिलं. तो आला नाही. त्याने भारा खाली ठेवला आणि घराकडे गेला.

संध्याकाळी मी आले तेव्हा त्याने आपलं एक जुनं धोतर फाडून लांब पट्ट्या करून ठेवल्या होत्या. शेजारी कापूस होता आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीतली लाल औषधाची बाटली होती. ती त्याने मुख्याध्यापकांकडून मागून आणली होती.

"बस," तो म्हणाला.

त्याने माझ्या ब्लाऊजवरूनच गळ्यापासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळली. आधी कापसाचे थर, मग धोतर, मग पुन्हा कापूस, मग पाठीवरून फिरवून छातीवरून आडवी. दोर वळायचा हात होता, एकही पदर ढिला राहिला नाही. माझा खांदा डोक्याएवढा झाला. मग त्याने लाल औषध थोडं इथे, थोडं तिथे ओतलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि अजून थोडं ओतलं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"दिसाले पाह्यजे," तो म्हणाला.

एवढ्यात सासू दारात आली. तिने धोतराच्या उरलेल्या चिंध्या पाहिल्या, बाटली पाहिली, माझा खांदा पाहिला. लाल डाग अजून ओला होता आणि खाली टपकत होता. नवरा हातात बाटली घेऊन उभा राहिला. मला वाटलं आता ती गोठ्यात जाईल.

ती म्हणाली, "मागून कमी पडलं." आणि त्याच्या हातातून बाटली घेऊन माझ्या पाठीमागे गेली.

दुसऱ्या दिवशी मी खळ्यावर गेले तेव्हा बायकांचे हात थांबले. शेजारीण जवळ आली, पण हात लावायची हिंमत झाली नाही. "काय झालं वो बाईले?" तिने सासूला विचारलं.

"आतून चिघळलं," सासू गंभीरपणे म्हणाली. "डॉक्टर म्हणे, आतमधी इतके टाके हायेत का त्यालेच मोजता आले नाई. वरून दिसत नाई म्हून लोकाइले खोटं वाटते. हात हालवला त गेलाच समजा." मग माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "बस ना तिकडं सावलीत! कायले आली तू?"

मी सावलीत बसले. त्या हंगामात मला कुणी सूप दिलं नाही, आणि सायकलवाली म्हातारी मला बघायला आली तेव्हा पपई घेऊन आली. रोज सकाळी नवरा पट्टी बांधायचा, सासू डाग द्यायची. आठ-दहा दिवसांनी ती डाग कमी करू लागली, कारण तिच्या मते एवढ्या दिवसांत थोडं सुकायला हवं होतं.

झोळी सुटल्यावर व्यायाम सुरू झाला. चौकटीच्या वर खुंटीला विहिरीची लहान कप्पी बांधली, तिच्यावरून दोर. एक टोक डाव्या हातात, एक उजव्यात. डाव्याने ओढायचं म्हणजे उजवा आपोआप वर जातो. नंतर भिंतीवर बोटांनी चढायचं. दुखायचं ते इथे. ऑपरेशनच्या दुखण्यापेक्षा हे पुष्कळ जास्त होतं, आणि ते स्वतःच स्वतःला द्यायचं असल्यामुळे टाळायला सोपं होतं. टाळू दिलं नाही ते सासूने. ती उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची आणि वर न बघता म्हणायची, "खाली उतरली बोटं." बघत नसूनही तिला कळायचं. एकदा मी रडले. ती म्हणाली, "रड, पण वर ने."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात बाजूने बहुतेक वर जाऊ लागला. अगदी कानाला लागत नाही, अजूनही नाही. थंडीत दुखतो. डॉक्टरने तपासताना पुन्हा तो खांद्याच्या रेषेत नेऊन सोडला, आणि हात तिथेच राहिला. तो बराच वेळ त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आता खाली घेतला तरी चालेल."

त्यानंतरच्या वर्षी आमच्याकडे एक पाहुणा आला. शेजारणीचा भाचेजावई, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. पावसाळ्याआधी आपल्याच घराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना तो छपरावरून खांद्यावर पडला होता. तीन वर्षं झाली होती. त्याला आमच्या अंगणात खाटेवर बसवलं आणि मी डॉक्टरने केलं होतं तसं त्याचा हात वर नेला आणि सोडला. तो पडला. फोटो काढला होता का, विचारलं. काढला होता. काही निघालं नव्हतं.

"जा नागपूरले," नवरा म्हणाला.

"दुखते का?" पाहुण्याने मला विचारलं.

"ऑपरेशन नाई दुखत. त्याच्यानंतर दुखते."

"आन होते का बरा?"

हे मला सांगता येत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. तीन वर्षं म्हणजे उशीर झालेला असू शकतो, दोर आखडलेला असू शकतो, डॉक्टर बघून सांगेल. तो मान हलवत ऐकत होता. मी त्याला खोटी उमेद द्यावी असं शेजारणीला वाटत होतं, ती मला खुणावत होती. मी दिली नाही.

तो गेला. डॉक्टरने त्याचं केलंही. जवळजवळ वर्षाने तो सांगायला म्हणून पुन्हा आला, बायकोला घेऊन. आम्ही चहा केला. सासू तेव्हा अंथरुणाला लागली होती, तरी तिने खाट अंगणात आणवली.

"दाखव," ती म्हणाली.

त्याने हात उचलला. तो खांद्याच्या थोडा खालीच थांबला.

"अर्धा झाला," तो म्हणाला. "डॉक्टरने म्हणलंच होतं, पुरा नाई होणार. जेवढा दोर आला तेवढा बांधला म्हणे."

"व्यायाम करते का?" सासूने विचारलं.

"करतो ना."

"रोज?"

तो बायकोकडे बघून हसला. बायको म्हणाली, "आता करन." सासूने तिच्याकडे बघून मान डोलावली.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रात्री झोप लागते आता, म्हणाला, त्या कुशीवरसुद्धा. लहान पोरीला कडेवर घेता येते. आंघोळ स्वतःची स्वतः होते. खाणीत त्याला वरच्या कामाला घेतलं होतं, खाली उतरावं लागत नव्हतं. तेही त्याने चांगलं आणि वाईट दोन्ही मिळून एकाच सुरात सांगितलं, कारण खाली त्याचे सोबती होते.

नवरा आणि मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. बस आली. त्याने डाव्या हाताने दांडी धरली, बायकोला आधी चढवलं, मग स्वतः चढला. खिडकीशी बसून त्याने उजवा हात जितका जातो तितका वर केला आणि बस निघेपर्यंत तसाच धरून ठेवला.